एक्केचाळीस नावं, एक अंगठा

हर्षाली पारखी मूळची माणची. हिंजवडीचा आयटी पार्क पसरत पसरत माणच्या शिवारात शिरला तेव्हा ती सातवीत होती. आता त्याच पार्कात, साठ-सत्तर माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती मोबाइल ॲप बनवायचं काम करत होती. बरोबरची माणसं वाकडहून तास-तास गाड्यांच्या रांगेत बसून यायची. ही घरून जेवून निघाली तरी स्कूटीवर दहा मिनिटांत पोचायची.

तिच्याकडचं ॲप कारखान्यांसाठी होतं. चाकणजवळच्या एका प्रेस शॉपने ते घेतलं होतं. तिथे पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढत. शॉपच्या भिंतीला एक छोटा टॅब लटकवलेला असे. प्रत्येक कामगाराने त्यावर आपलं नाव निवडायचं, सुरक्षेचे आठ धडे बघायचे, प्रत्येक धड्यानंतर दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि ‘मला समजलं’ हे बटण दाबायचं. आठ धडे पुरे झाले की यादीत त्याचं नाव हिरवं होई.

पहिली तक्रार आली ती बटणांची. कामगार म्हणत होते, दाबलं तरी दाबलं जात नाही. ऑफिसातल्या कुणाच्याही बोटाने ते नीट चालत होतं. शेवटी जानेवारीत हर्षाली स्वतः चाकणला गेली आणि दोन दिवस त्या टॅबशेजारी स्टूल टाकून बसली.

तिथे तिला दादू मुंगसे भेटले. पंचेचाळिशीचे, काळूस गावचे, प्रेसवर सोळा वर्षं काढलेले. हाताची कातडी वाळून वहाणेच्या तळासारखी झालेली. एक बटण दाबायला त्यांना सात वेळा प्रयत्न करावा लागला, आणि सातही वेळा ते हर्षालीकडे बघून ओशाळं हसले, जणू चूक त्यांच्या बोटाची होती. गेटवरच्या हजेरीच्या मशीनलाही त्यांचा अंगठा ओळखू येत नसे. ती माणची आहे कळल्यावर म्हणाले, ‘‘मग तुमी आमच्यातल्याच की.’’ दुपारी त्यांनी तिला डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा दिला.

बोट स्क्रीनला लागलं की फोन ॲपला बरंच काही सांगतो. बोट नेमकं कुठे टेकलं, केवढ्या जागेवर टेकलं, कोणत्या बाजूला कललेलं होतं, कधी टेकलं आणि कधी उचललं. ॲपला यातलं एवढंच लागतं की बटण दाबलं की नाही. बाकीचं येतं आणि वाऱ्यावर जातं. हर्षालीने ते साठवायला सुरुवात केली, म्हणजे दोष कुठे आहे ते कळेल. आणि कळलं. दादूंचं बोट वाळलेलं असल्याने स्क्रीनला ते सलग जाणवतच नव्हतं. एकदा टेकलेलं बोट स्क्रीनला टेकलं, गेलं, टेकलं, गेलं असं तुटक तुटक दिसे, आणि ॲप दर वेळी ते रद्द करी. तिने बटणं मोठी केली, तुटक स्पर्श जोडून एक मानायची सोय केली आणि नवं ॲप पाठवून दिलं. स्पर्श साठवायचं मात्र बंद करायचं राहून गेलं. नव्या कामांच्या रेट्यात ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हर्षालीच्या टीमचा प्रमुख ज्ञानेश तिच्या टेबलाशी आला. चाकणच्या कंपनीचा ईमेल होता. एका कामगाराला प्रेसवर अपघात झाला होता. सरकारी कारखाना निरीक्षकांनी कागद मागितले होते. त्या कामगाराने तिसरा धडा घेतला होता, याचं ॲप बनवणाऱ्या कंपनीकडून सही केलेलं पत्र हवं होतं. तिसरा धडा प्रेसच्या दोन बटणांचा. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे कुठलाच हात डायखाली, वरून येणाऱ्या साच्याखाली, राहत नाही. त्यातलं एक बटण कशाने अडकवून ठेवू नये, कुणी ठेवलं असेल तर मशीन चालवू नये. कंपनीचं म्हणणं असं की कामगाराला हे सगळं शिकवलेलं होतं आणि तरी त्याने बटण अडकवलं. चूक त्याचीच.

खाली नाव होतं, दादू शंकर मुंगसे.

हर्षालीने नोंद काढली. चौदा मार्च, आठ धडे पूर्ण, सोळापैकी सोळा उत्तरं बरोबर. पत्र लिहायला पाच मिनिटंही लागली नसती. पण सोळापैकी सोळा हा आकडा तिला खटकला. तिने पाहिलेल्या दादूंना वाचायलाच वेळ लागत होता, आणि बटण दाबायला त्याहून. म्हणून तिने त्या दिवसाचे स्पर्श उघडले.

दादूंच्या नावाखालच्या स्पर्शांत एकही तुटक नव्हता. रुंद, सलग, एकाच बाजूला कललेले. डाव्या हातात टॅब धरून त्याच हाताच्या अंगठ्याने दाबलेले. तिने वरचं नाव उघडलं, खालचं उघडलं. तोच अंगठा. त्या दिवशी चार दहा ते पाच बावीस या वेळात एक्केचाळीस जणांची नावं हिरवी झाली होती. प्रत्येक नावाला पावणेदोन मिनिटं. आठ धडे नुसते बघायलाच चोवीस मिनिटं लागतात.

एक गोष्ट मात्र वेगळी होती. सगळे स्पर्श क्षणाचे होते, पाव सेकंदाच्या आतले. पण सत्ताविसाव्या नावाला, दादूंच्या, तिसऱ्या धड्याच्या ‘मला समजलं’वर तो अंगठा टेकला आणि अकरा सेकंद तसाच राहिला. बोट उचलल्यावरच बटण लागू होतं. अकरा सेकंदांनी ते उचललं गेलं होतं आणि मग पुन्हा तीच घाई.

ज्ञानेशने सगळं शांतपणे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला की आपल्याकडे स्पर्श कुणी मागितलेलेच नाहीत. शिवाय कामगारांना न सांगता आपण ते साठवले, ही आपली चूक बाहेर येईल. नोंद जी आहे ती आहे, तेवढीच द्यावी.

‘‘नोंद खोटी आहे, ज्ञानेश,’’ हर्षाली म्हणाली. ‘‘आणि तिच्याखाली माझी सही मागितलीय.’’

त्याने तिला शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती तळवड्यावरून चाकणला आणि तिथून काळूसला गेली. दादू दवाखान्यातून घरी आले होते. ओसरीवर खाटेवर बसले होते, उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, गळ्यात अडकवलेला. मधली तीन बोटं गेली होती. त्यांची बायको पुतळाबाई कांदे निवडत शेजारी बसली होती. तिने पाणी दिलं आणि पाहुणी कोण, कुठली, हे विचारल्याशिवाय चहाला आत जाणार नाही अशी उभी राहिली. हर्षालीने सांगितलं. दादूंनी तिला लगेच ओळखलं आणि तिच्या वडिलांची चौकशी केली.

मार्चमध्ये धडे बघितले होते का, असं तिने विचारलं. ते थोडा वेळ आठवत राहिले. एक दिवस दुपारनंतर टॅब भिंतीवर नव्हता, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर यादीत सगळ्यांचीच नावं हिरवी.

‘‘म्या म्हटलं, तुमीच काय तरी दुरुस्ती केली असंल. आता दाबायला लागत न्हाई.’’

दादू पुढे सांगत राहिले. एका बटणाखाली रबराचा तुकडा सगळ्याच मशीनला होता. ते त्या शॉपमध्ये आले त्याच्या आधीपासून होता. एक हात मोकळा राहिला की पत्रा भराभर सरकवता येतो आणि शिफ्टचा माल पुरा होतो. रबर कुणी घातलं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ती त्या कंपनीची रीतच आहे असं वाटलं होतं. धडा बघितला असता तर मशीन बंद करून उभे राहिले असते का, हेही त्यांनी स्वतःलाच विचारलं होतं. ‘‘खरं सांगू का ताई, न्हाई सांगता येत. पर निदान म्हाईत असतं.’’

एवढ्यात एक तरुण औषधांची पिशवी घेऊन आला. हा सार्थक, दादूंच्या बहिणीचा मुलगा. वडील लवकर गेले, तेव्हापासून मामाच्या घरीच वाढलेला. डिप्लोमा झाल्यावर दादूंनीच साहेबांना गळ घालून त्याला कंपनीत लावलं होतं. तो तिथे सेफ्टीचं काम बघायचा. अपघात झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ मामाला भरवायला तोच बसायचा, पुतळाबाई कौतुकाने म्हणाली; मामा दुसऱ्या कुणाच्या हातचं खातच नाहीत. सार्थकने मान खाली घातली. ॲपवाली बाई आली आहे कळल्यावर त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि गोळ्यांची पाकिटं लावत बसला. गोळ्यांची वेळ फोनमध्ये टाकताना फोन त्याच्या डाव्या हातात होता आणि अंगठा त्याच हाताचा चालत होता.

चहा झाल्यावर ती निघाली. सार्थक तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला. तिने स्कूटीला किल्ली लावली, पण चालू केली नाही. काय दिसलं ते तिने त्याला सांगितलं. नावं किती, वेळ किती, अंगठा कुठल्या हाताचा. त्याने नाकारलं नाही. तो रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी ऑडिट होतं. प्लांट मॅनेजर कुलथे साहेबांनी सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत सगळी नावं हिरवी पाहिजेत आणि लाइन एक मिनिटही थांबता कामा नये. एक्केचाळीस माणसं मशीनवर. धडे दाखवणार कधी? तेव्हा त्याने टॅब काढून ऑफिसात नेला. दुसऱ्या एका कारखान्यातही असंच करतात असं त्याने ऐकलं होतं. एकदा ऑडिट गेलं की निवांतपणे सगळ्यांना बसवून दाखवू, असं त्याने ठरवलं होतं. ते ‘निवांतपणे’ कधी आलंच नाही.

‘‘सत्ताविसाव्या नावाला तुम्ही थांबला होता,’’ हर्षाली म्हणाली. ‘‘अकरा सेकंद.’’

तो तिच्याकडे बघत राहिला. ‘‘तेही दिसतं?’’

‘‘दिसतं.’’

रस्त्यावरून कंपनीची बस गेली, पहिली शिफ्ट सुटलेली माणसं खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली. मग तो म्हणाला, ‘‘मामाला बोलवावं असं वाटलं. बाकीचं जाऊ दे, तिसरा धडा तरी त्याला दाखवावा. जिना उतरलं की त्याचंच मशीन. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, किती राहिले. मी बोट उचललं.’’

हर्षालीने त्याला समजावलं नाही, रागावलीही नाही. शुक्रवारी पत्र जाणार आहे, आणि त्यात खरं तेच असेल, एवढं सांगितलं. मामाला हे तुमच्याकडून कळावं की माझ्याकडून, ते तुम्ही ठरवा. तो म्हणाला, मीच सांगतो.

घरी आल्यावर आईने विचारलं, जेवण का जात नाही. तिने दादूंचं सांगितलं, सार्थकचं सांगितलं नाही. आपलंही काही देणं लागतं असं तिला सारखं वाटत होतं. यादी हिरवी झाली की पुरे, असं ॲप तिनेच तर बनवलं होतं. धडा पूर्ण न बघता पुढे पळवायची सोय तिनेच ठेवली होती, कारण तपासताना दर वेळी तीन मिनिटं थांबायचा तिला कंटाळा यायचा.

गुरुवारी दुपारी दादूंचा फोन आला. फोन पुतळाबाईने धरला असावा, कारण मागे तिचा श्वास ऐकू येत होता. सार्थकने रात्री सगळं सांगितलं होतं.

‘‘ताई, माझी बोटं गेली ती गेली. पोराचं नाव लिवू नगा.’’

तिने सांगितलं की स्पर्शांत नाव नसतं. एकाच माणसाने केलं एवढंच त्यातून कळतं. पण निरीक्षक विचारणारच, टॅब कुणाकडे होता, आणि तेव्हा कुणीतरी सांगेलच. पत्र नाही पाठवलं तर चूक तुमची ठरेल, काका.

मग दादू म्हणाले, ‘‘मग खरं तेच लिवा. पर एकट्या त्याच्यावर ढकलू देऊ नगा. त्यो काय आपल्या मनानं बसला व्हता का?’’

पत्र एका पानाचं झालं. चौदा मार्चच्या एक्केचाळीस नोंदी एकाच हाताने केलेल्या आहेत. त्या-त्या कामगाराने धडे घेतल्याचा पुरावा म्हणून त्या धरता येत नाहीत. दादू मुंगसे यांच्या बोटाचा स्पर्श जानेवारीत पाहिलेला आहे, तो यात नाही. शेवटी तिने हेही लिहिलं की हे स्पर्श कामगारांना न सांगता साठवले गेले, आणि ती चूक आमची आहे. ज्ञानेशने ते दोनदा वाचलं. एका ठिकाणी ‘फसवणूक’ असा शब्द होता तो त्याने काढायला लावला, म्हणाला की आपण पाहिलं तेवढंच सांगू, त्याला काय म्हणायचं ते दुसरे ठरवतील. मग तिच्या सहीखाली त्याने स्वतःची सही केली. तिला ते अपेक्षित नव्हतं. पत्र चाकणच्या कंपनीला गेलं आणि त्याची प्रत निरीक्षकांना.

पुढचे दोन महिने सोपे गेले नाहीत. चाकणच्या कंपनीने ॲप बंद केलं. सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकांनी ज्ञानेशला आणि हर्षालीला बोलावून तासभर सुनावलं, आणि हर्षालीला एका जुन्या, कुणाला नको असलेल्या कामावर टाकलं. साठवलेले स्पर्श चौकशीपुरते ठेवून बाकी सगळे तिने पुसून टाकले, आणि इतर कारखान्यांतल्या ॲपमधली धडा पुढे पळवायची सोय काढली.

निरीक्षक मॅडम शॉपमध्ये आल्या तेव्हा सार्थक आपणहून पुढे झाला. जबाबात त्याने स्वतःचं नाव पहिलं सांगितलं. कुलथे साहेबांनी आधी कानावर हात ठेवले. पण ‘संध्याकाळपर्यंत सगळे हिरवे पाहिजेत, लाइन थांबवू नका’ हा त्यांचा मेसेज सार्थकच्या फोनमध्ये तसाच होता. तरीही ते म्हणत राहिले की बटण दादूनेच अडकवलं असेल. तेव्हा पॅकिंगमध्ये काम करणारी कस्तुरा नावाची बाई उठून म्हणाली की रबर सगळ्याच मशीनला आहे, चला, दाखवते. तिने निरीक्षकांना मशीनमागून मशीन फिरवलं. चौदा प्रेसपैकी अकरांत तुकडे निघाले.

अहवालातून दादूंच्या चुकीचं वाक्य गेलं. त्यांना भरपाई मिळाली आणि बरं वाटल्यावर स्टोअरमध्ये बसायचं काम. कुलथे साहेबांची दुसऱ्या प्लांटला बदली झाली, यापलीकडे काही झालं नाही. सार्थकला काढून टाकलं. त्याने त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही.

त्या घरात काय चाललं होतं ते हर्षालीला दादूंच्या फोनवरून कळत होतं. दादू भाच्याला एक शब्दही वावगा बोलले नव्हते. ते अजून त्याच्याच हातून जेवत होते. डाव्या हाताने खायची सवय व्हायला वेळ लागत होता. पुतळाबाईने मात्र ज्या रात्री खरं कळलं त्या रात्रीपासून सार्थकशी बोलणं सोडलं होतं. ताट वाढायची, कपडे धुवून घडी घालून ठेवायची, पण बोलायची नाही. दादूंनी दोनदा समजावलं. ती म्हणाली, तुम्ही बोलता तेवढं पुरे आहे. सार्थक घर सोडून जायला निघाला होता, तेव्हा तिने दारातली त्याची बॅग उचलून आत नेऊन ठेवली, तेही न बोलता.

दिवाळीच्या आधी सार्थकला भोसरीत एका लहान कारखान्यात काम मिळालं. सेफ्टीचं नाही. तिथे त्याला ऑफिसात बसवत होते, पण त्याने प्रेसवर ऑपरेटरचं मागून घेतलं. का, ते त्याने घरी सांगितलं नाही, आणि दादूंनी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी तो निघाला तेव्हा पुतळाबाई डबा घेऊन दारात उभी होती. डबा त्याच्या हातात देताना तिने तो लगेच सोडला नाही.

‘‘मशीनवर बसायच्या आधी खाली वाकून बघून घे,’’ ती म्हणाली. ‘‘आन् कुणी घाई केली तर घरी निघून ये.’’

हे दादूंनी त्याच दिवशी फोनवर सांगितलं. मग त्यांनी हर्षालीला विचारलं की दिवाळीला काळूसला कधी येताय, पुतळाबाई करंज्या करणार आहे. तिने पाडव्याला येते म्हणून सांगितलं.